गुणाबाईंनी काढून घेतलेलं लाल पेन

आमच्या शाळेचा मुख्याध्यापक मी आहे, पण शाळा चालते ती गुणाबाई कोडापेंच्या हुकमावर. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात त्या अकरा वर्षं पोरांची खिचडी शिजवताहेत. ताटात भात टाकून उठणाऱ्या पोराला त्या पुन्हा खाली बसवतात, आणि तपासणीला साहेब आला तर त्यालाही आधी हात धुवायला लावतात. त्यांना सही येत नाही, अंगठा लावतात. मी कधी त्याबद्दल विचारलं नव्हतं.

मी बावीस वर्षं नोकरी झालेला जुना मास्तर, आणि माझं एक खूळ होतं: शनिवारचं श्रुतलेखन. दहा शब्द, दहा मिनिटं, चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल. पाचवीतल्या सोमारीची वही पाहिली तर गोवर उठल्यासारखी दिसायची. ‘घर’चं ‘धर’, काना गायब, वेलांटी भलत्याच अक्षरावर. तोंडी विचारलं तर हीच मुलगी पाढे, गोष्टी, नद्यांची नावं घडाघडा सांगायची. माझं निदान तयार होतं. घरची भाषा गोंडी, म्हणून मराठी लिहिताना गडबडते. इकडच्या मास्तरांना हे कारण फार सोयीचं पडतं. पोर अडलं की गोंडीवर ढकलायचं आणि पाच वाजता गाडीला किक मारायची.

जुलैत सोमारीने शनिवारी येणं सोडलं, मग बाकीच्या वारीही. तिचा बाप पोचू मला रस्त्यात भेटून म्हणाला, पोरीचं डोकं लिहिण्यात चालत नाही, उगाच रडते, सोमवारी येऊन नाव काढून नेतो. मी ते गुणाबाईंना सांगितलं आणि वर माझं गोंडीचं निदानही ऐकवलं. त्या स्वतः गोंड. त्यांनी पळी खाली ठेवली.

“गुरुजी, चैतू बी घरी गोंडीच बोलते ना? मंग तो कसा लिहिते?”

चैतू हा सोमारीचा सख्खा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालून गेला, अक्षर मोत्यासारखं. एकच घर, एकच चूल, एकच भाषा. मला खरंच शरम वाटली. इतकी वर्षं मी किती पोरांवर हा शिक्का मारला असेल, ते मोजायचीही हिंमत झाली नाही. गुणाबाईंनी मात्र मला शरमायला वेळ दिला नाही. उद्या रविवार आहे, माझ्यासोबत शेतात चला, एवढंच म्हणाल्या.

शेतात धानाची रोवणी चालू होती. बायांच्या रांगेत सोमारीही वाकली होती. डाव्या हातात धानाच्या रोपांची पेंडी, उजव्या हाताने त्यातली दोन-तीन रोपं सुटी करायची, चिखलात खोचायची, एक पाऊल मागे. पुन्हा दोन-तीन रोपं, पुन्हा एक पाऊल मागे. तिची ओळ मोठ्या बायांपेक्षा सरळ होती.

“पेंडी एकदम गाड म्हटलं त कोनालेच जमनार नाई,” गुणाबाई म्हणाल्या. “तुमी तिले अख्खी पेंडी देऊन राह्यले.”

अख्खी पेंडी म्हणजे माझा अख्खा शब्द, हे कळलं तसा मी पँट दुमडून चिखलात उतरलो. बायांना हसायला आयतं कारण मिळालं. मी ‘तलाव’ म्हटलं तशी सोमारी घाबरून बघायला लागली. गुणाबाई तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलल्या. मग तिने ‘त’ म्हणत रोपं खोचली आणि पाऊल मागे घेतलं. ‘ला’, पाऊल मागे. ‘व’. मग बांधावर जाऊन ओल्या मातीत तिने बोटाने तेच तीन तुकडे एकेक करून लिहिले. काना जागेवर होता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच पुढचे चार शब्द घातले, आणि बायांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण त्यांची रोवणी अडली होती.

सोमवारी पोचू आला तेव्हा गुणाबाई फाटकावर उभ्या होत्या. मी मागेच थांबलो.

“मीबी तिसरीत शनिवारीच पळत होती,” त्या त्याला म्हणाल्या. “अक्षरं जागेवर राहत नोती. माह्यं नाव काढाले माहा बाप असाच सोमवारी आला होता. दिवाळीपर्यंत थांब.”

पोचूने दिवाळीपर्यंत मुदत दिली. त्याच दिवशी गुणाबाईंनी माझं लाल पेन मागून घेतलं आणि मिठाच्या डब्यामागे ठेवलं. रोज जेवणानंतर त्या परातीत चुलीची राख पसरायच्या. सोमारी शब्द आधी दर तुकड्याला पाऊल मागे घेत म्हणायची, मग राखेत बोटाने तुकड्यातुकड्याने लिहायची, असे पाच शब्द. दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या विशेष शिक्षिका साधना मॅडमनी मुलीची तपासणी करवून घेतली आणि या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात असं सांगितलं. ही मुलगी हुशार आहे, तिला वेळ जास्त द्या, आणि राखेची परात अजिबात बंद करू नका, असंही म्हणाल्या. गुणाबाईंनी त्यांना दोनदा खिचडी वाढली.

दिवाळीआधीच्या शनिवारी पोचू व्हरांड्यात येऊन बसला. मी दहा शब्द सांगितले. बाकीच्यांचं दहा मिनिटांत झालं. सोमारी वर्गाच्या मागच्या मोकळ्या जागेत पावलं टाकत होती, मग येऊन लिहीत होती. तिला पंचवीस मिनिटं लागली, आणि मी घड्याळाकडे पाहिलं नाही. आठ शब्द बरोबर आले. ‘घर’चं ‘धर’ झालं होतंच, पण तिने ते स्वतःच पाहून दुरुस्त केलं, मी वही हातात घ्यायच्या आधी. पोचूने वही उलटसुलट पाहिली आणि दिवाळीची सुट्टी कधी संपते ते विचारलं.

शाळा सुटल्यावर मी गुणाबाईंना म्हटलं, परात आहे, राख आहे, आता तुम्हीही लिहायला बसा. त्या डबे पुसत होत्या.

“माह्यं राहू द्या. मले इथी पोरं जेवू घालाले आवडते,” त्या म्हणाल्या. मग पुढचा डबा उचलत, माझ्याकडे न पाहता: “पन त्या सोमवारी माह्या बापाले फाटकावर कोनी अडवलं नाई, गुरुजी.”