जाड सालीची लिंबं

"खूप म्हणजे किती?" हा काकांचा प्रश्न. बायकोनं "आज खूप उकडतंय" म्हटलं तरी हाच, आणि लग्नात यजमान "खूप आनंद झाला" म्हणाले तरी हाच. वर ठरलेलं वाक्य, "अंदाज नको, आकडा बोला." असा एक माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. त्याच्याशी गप्पा काय डोंबल मारणार?

आमची सोसायटी धायरीत, ओढ्याला चिकटून. बिल्डरनं जाहिरातीत त्या ओढ्याला 'रिव्हर व्ह्यू' म्हटलं होतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीभर नदीचं पाणी मोजलं, आता घरी बसवेना म्हणून ओढा मोजायला घेतला. पुलाच्या खांबावर स्वतःच्या हातानं फुटाफुटाचे पट्टे रंगवले. रोज सकाळी पुलावरून लिंबू टाकायचे आणि स्टॉपवॉच दाबायचे. लिंबू खालच्या उंबरापाशी पोचलं की तिथं झाडलोट करणारी आमच्या वॉचमनची बायको हात वर करायची. जितके सेकंद कमी, तितका ओढा जोरात. एवढंच शास्त्र.

लिंबू मात्र जाड सालीचं हवं, पातळ सालीचं बुडतं. त्यासाठी ते मंडईत जाऊन भाजीवालीच्या बादलीत एकेक लिंबू सोडून बघायचे. ती एकदा म्हणाली, "काका, सरबत करायचंय का पोहायला शिकवायचंय?"

मग माझ्याकडे लेखी तक्रार आली, की ओढ्यात रोज लिंबू टाकून कोणीतरी करणी करत आहे. माझ्याकडे, कारण मी सेक्रेटरी. ज्या मीटिंगला सेक्रेटरी निवडला, त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो होतो. काकांना बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, "करणीला मिरची लागते. मिरची पुलावरून दिसत नाही, म्हणून मी वापरत नाही." हे मी इतिवृत्तात कसं लिहायचं, सांगा.

खरं भांडण होतं खोलीचं. वॉचमनची खोली ओढ्याकडच्या भिंतीला लागून. रात्रपाळी करून तो दुपारी तिथं झोपायचा, बायको आणि दोन मुलीही तिथंच. काकांचं म्हणणं, "त्यांना वर हलवा. पहिल्या मजल्यावरचं ऑफिस द्या." ऑफिस म्हणजे माझं टेबल, पंखा, कॅरम आणि एक फिरती खुर्ची. बत्तीस वर्षं नोकरी करून मला फिरती खुर्ची मिळाली नव्हती, ती इथं मिळाली. मी म्हटलं, "बघू पुढच्या मीटिंगला." असं मी दोन पावसाळे म्हटलं. आता सांगायला लाज वाटते.

एका दुपारी जेवून आडवा होतोय तोवर बेल वाजली. दारात काका, घामाघूम.

"ऑफिसची किल्ली द्या."

"अहो, बाहेर ऊन पडलंय."

"इथं पडलंय. डोंगराकडे कोसळतोय. लिंबाला एरवी वीस सेकंद लागतात. आत्ता सहा लागले."

"तुमच्या लिंबापायी मी आता..."

"किल्ली."

दिली. पटलं म्हणून नव्हे, झोप मोडली म्हणून दिली. वर बजावलं, "पाच वाजता परत आणा. आणि कॅरमला हात लावू नका म्हणावं."

तासाभरात ओढा आत आला. भिंत पडली ती त्या खोलीवरच. मी गॅलरीतून पाहिलं, तर खोलीचे पत्रे वाहत चालले होते. तसाच ऑफिसात धावलो. वॉचमन माझ्या खुर्चीत डोळे चोळत बसलेला. त्याची बायको शेगडी मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेली. मुली कॅरम खेळत होत्या. आणि काका खिडकीशी उभे राहून हळहळत होते, "पट्टेच बुडाले हो. आजचं माप गेलं."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तोंडातून निघालं, "चहा घेणार का?"

"अर्धा कप," ते म्हणाले.

किल्ली मी परत मागितली नाही. खुर्चीही तिथंच राहिली, वॉचमनची धाकटी तिच्यावर बसून अभ्यास करते. आमच्या मीटिंगा आता जिन्यात होतात, त्यामुळे लवकर संपतात.

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. शोकसभाही जिन्यातच घेतली. चेअरमन म्हणाले, "काकांनी आपल्या सोसायटीसाठी खूप केलं."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "खूप म्हणजे किती?"

सगळे डोळे वटारून माझ्याकडे बघायला लागले. वर ऑफिसच्या दारात वॉचमनची बायको उभी होती. तिनं उंबरापाशी करायची तसा हात वर केला आणि म्हणाली, "चार."