निळा मणी

ऐरोलीतल्या एका मोठ्या कंपनीच्या टेक्निकल मॅनेजरने आमच्या सरांना फसवलं. आणि सरांची वही त्याच्या हातात दिली ती मी.

सर म्हणजे तळोज्यातल्या माझ्या कारखान्यातले केमिस्ट. मी ओरडायला लागलो की ते चष्मा काढून खिशात ठेवायचे. "चष्मा नसला की शेठ, तुमचा राग धूसर दिसतो." मग माझंच ओरडणं अडखळायचं. पिंपं धुण्यापासून वर आलेला माणूस मी, भाव पाडताना भल्याभल्यांना घाम फोडलाय. या माणसापुढे काही चालत नसे.

आम्ही पत्र्यावरच्या रंगासाठी पॉलिएस्टर बनवतो. दोन-तीन प्रकारची आम्लं ग्लायकॉलबरोबर शिजवली की त्यांची लांब साखळी होते. कोणतं आम्ल किती घातलं हे सगळ्यांना माहीत असतं. साखळीत कोण कोणाशेजारी बसणार, हे सर सांगायचे.

नवा माल असला की ते डब्याच्या झाकणात मणी ओतत. चपळ आम्लाचे लाल, आळशी आम्लाचे पांढरे. कोण किती लवकर जोडलं जाईल ते वहीत मांडायचे आणि त्या क्रमाने मणी ओवायचे; ओवलेली माळ वहीत रंगीत शाईने काढूनही ठेवायचे. "पंगतीला कोण आलं ते रेसिपी सांगते. कोण कोणाला खेटून बसलं ते माळ सांगते. आधी माळ, मग रिअ‍ॅक्टर."

"जत्रेत दुकान टाका सर," मी म्हणायचो.

"टाकू. भाव तुम्हीच करायला या."

एकदा घाईत मी सगळी आम्लं एकदम रिअ‍ॅक्टरमध्ये ओतायला लावली. सरांनी आधीच माळ दाखवली होती; पांढरे मणी सगळे टोकाला, घोळक्याने. "वाकवलं की तडकेल." तडकलं. रंग तडकलेला तो पत्र्याचा तुकडा घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, दोन शब्द ऐकायच्या तयारीने. त्यांनी जवळ्याची चटणी माझ्याकडे सरकवली. "जेवलात का?"

अशा माणसाची बढाई मारायचा मोह तुम्हालाही झाला असता. ऐरोलीच्या त्या कंपनीशी वर्षभराच्या मालाचा सौदा चालला होता. मी मॅनेजरला म्हणालो, "आमचा माणूस माल शिजायच्या आधी सांगतो कसा निघेल ते." आणि वही समोर ठेवली. "दोन दिवस नेऊ?" त्याने विचारलं. सरांना न विचारता मी हो म्हणालो. सौदा झाला. वही परत आली नाही.

सर एवढंच म्हणाले, "वाचत असतील. अक्षर वाईट आहे माझं."

दोन वर्षांनी त्या कंपनीने वाशीच्या एका हॉलमध्ये आम्हा सगळ्या माल पुरवणाऱ्यांना बोलावलं. मिश्र पॉलिएस्टरची रचना आधीच सांगणारा त्यांचा नवा कॉम्प्युटर प्रोग्रॅम दाखवायचा होता. ही पद्धत आम्हीच शोधली, असं मॅनेजर म्हणाला. पडद्यावर माळ आली. लाल, पांढरे, आणि मधोमध एकच निळा.

सरांनी माझं मनगट धरलं. एकदा लाल मणी संपले होते, तेव्हा नातीच्या तुटलेल्या माळेतला निळा मणी त्यांनी ओवला होता. वहीतही तो निळ्या शाईनेच काढला. हा लालच समजावा, एवढं लिहायचं राहून गेलं.

कोणीतरी विचारलं, "हा निळा कोण?"

"तो सूक्ष्म घटक आहे," मॅनेजर म्हणाला.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्या वेळी मी ओरडत नव्हतो. मी उठायला लागलो तर त्यांनी बाही ओढली. "बसा शेठ. माळ बरोबर आलीय की नाही, ते बघा."

मागच्या वर्षी सर गेले. लॅबमधल्या खिळ्यावर त्यांच्या माळा अजून आहेत. निळ्या मण्याची माळ त्यांच्या नातीने नावड्याहून येऊन नेली. बाकीच्या मी कोणाला हात लावू देत नाही.

मॅनेजरसाहेब, न विचारता वही दिली ती मी. माझ्या वाटणीचं उत्तर मी इथे लिहिलं. आता तुमचं द्या. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर उभे राहा आणि सांगा, तो निळा मणी कोणाच्या घरचा होता.