डायरीत न लिहिलेली ओळ

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. मी हवालदार, कंपनीच्या गाड्या माझ्याकडे. ड्रायव्हरांपैकी दोघे आपल्या वऱ्हाडातले: बाळापूरचा प्रवीण आणि अमरावतीच्या राजापेठेतला नितीन. मी तेल्हाऱ्याचा. परमुलखात आपल्याकडची माणसं भेटली की शिस्त जरा सैल पडते. माझीही पडली.

०६०० ला गाड्यांची तपासणी व्हायची. ऑइल, पाणी, टायर, ब्रेक. दोष दिसला की गाडीच्या डायरीत लिहायचा, खाली माझी सही. एका सोमवारी ०६४० ला प्रवीणचा ट्रक हँडब्रेक ओढलेला असूनही उतारावर हातभर मागे सरकला. मागे कुणी नव्हतं. प्रवीणनं धावत जाऊन चाकामागे दगड लावला.

"भाऊ, डायरीत लिवू का?"

"काहून? कोणाले लागलं का?"

"नाई."

"मंग राहू दे. लिवलं का चौकशी लागते, तुही सुट्टी लटकते. बहिणीचं लगन हाय ना? दगड लावत जाय."

बैलगाडीच्या चाकाला दगड लावतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यात वावगं काही वाटलंच नाही. 'ओके' लिहून मी सही ठोकली.

गुरुवारी प्रवीण सुट्टीवर गेला. त्याचा ट्रक मी नितीनला दिला. दगडाचं सांगायचं राहून गेलं.

शनिवारी ११२० ला वरच्या चौकीवरून वायरलेस सेटवर मेसेज आला.

"गाडी मागे घसरली. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"ड्रायव्हर नितीन. ओव्हर."

नितीननं नियमाप्रमाणे हँडब्रेक ओढला होता. रेशन उतरवायला तो ट्रकचं मागचं फळकं उघडत होता. १२०५ ला डॉक्टर पोचले, तेव्हा तो गेलेला होता. प्रवीणला फोन मीच केला. तो लग्नाच्या मांडवात होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं खरं सांगितलं. शिक्षा झाली, ती रास्तच होती.

आता मी अकोल्यात एका जिनिंग फॅक्टरीत सेफ्टी सुपरवायझर आहे. पट्टा निसटला, कुणाचा पाय घसरला, इजा झाली नाही तरी लिहून घेतो. फौजी म्हणून कामगार मला गमतीनं मेजर म्हणतात आणि चिडवतात, "मेजर, खरचटलं बी नाई, तरी लिवून राहिले!" चिडवू देत. आपल्याला माहीत असलेला धोका पुढच्या पाळीच्या माणसाला स्वप्नात दिसत नसतो. हे शहाणपण मला फार महागात पडलं, आणि किंमत मोजली दुसऱ्यानं.

इतकी वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात धीर करून राजापेठेत नितीनच्या घरी गेलो. त्याच्या आईला सोमवारपासून शनिवारपर्यंत सगळं सांगितलं.

"म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"हो मावशी. होतं."

"मंग माह्या पोराले काहून नाई सांगतलं?"

नितीन सव्वीस वर्षांचा होता.