पोटॅशियम "जुळवून घ्या" असे सांगणारा फोन

संघटनेच्या सदस्यांनो, आधी घटनाक्रम.

आपली संघटना नांदेड-लातूरच्या सर्व पॅथॉलॉजी लॅबना एकाच सीरमची सीलबंद बाटली पाठवते. प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे तपासावी आणि कोणाचे यंत्र चुकते ते कळावे, एवढाच तिचा हेतू. मी माझ्या लॅबमध्ये तपासले, उत्तर पाठवले. आज दुपारी सचिवांचा लातूरहून फोन आला.

"मॅडम, पोटॅशियम तुमचं एकटीचंच जास्त आलंय बघा. बाकी सगळ्यांचं एकच आहे. जरा जुळवून घ्या की!"

"दशांशापर्यंत एकच? कसे?"

ते हसले. "ग्रुपवर विचारून घेतात हो. आपलीच माणसं, कशाला कुणाला उघडं पाडायचं?"

मी आकडा बदलला नाही. पण फोन ठेवल्यावर भीती वाटली. कदाचित माझेच यंत्र चुकत असेल. ते सांगू शकणारी एकमेव सोय या नकलेने निकामी केली आहे.

तासाभराने उमरीच्या एका डायलिसिसच्या रुग्ण बाईंचे पोटॅशियम धोकादायक इतके जास्त आले. पुन्हा तपासले, तेच आले. खात्रीसाठी दुसरीकडे पाठवावे, तर कोणाकडे?

बाईंचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे खरंच हाय ना? मागं दुसरीकडं तर बराबर आलतं."

मी त्यांना तातडीने डॉक्टरांकडे पाठवले. "खरे आहे" म्हणताना मात्र माझी नजर खाली गेली.

संघटनेला एकच प्रश्न: त्या बाटलीतले पोटॅशियम प्रत्यक्षात कोणी मोजले? प्रत्येक यंत्राच्या मूळ प्रिंटसह उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.