दादा बसला की गाडी बंद

आधीच सांगतो, मी भूतखेत मानणारा माणूस नाही. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला जन्म घालवला. करंट डोळ्यांना दिसत नाही पण मीटरवर दिसतो — न दिसणारं मी मानतो ते एवढंच. तेव्हा खाली कमेंटमध्ये "बॅटरी चेक केली होती का" असं विचारू नका. डोकं फिरतं माझं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टाउनशिपमधलं क्वार्टर, दारात जुनी सेकंडहँड गाडी. माझा मोठा भाऊ, दादा, रेल्वेत फिटर. दुर्गला मोहन नगरात राहायचा. त्या सकाळी शेजारच्या पिल्ले साहेबांकडे नागपूरहून ताईचा ट्रंक कॉल आला... आई शेवटच्या घटका मोजतेय, आणि एकच धोशा — "मोठ्याले आणा."

निरोप मिळताच दादा धावत माझ्याकडे आला. पुढे लाईनवर मालगाडी घसरलेली, ट्रेन बंद. आणि नेमकी विश्वकर्मा पूजा! त्या दिवशी भिलाईत टॅक्स्या, बसगाड्या सगळ्या धुऊन, हार घालून उभ्या असतात, ड्रायव्हर प्रसाद वाटत फिरतात. माझ्या गाडीचा स्टार्टर आदल्याच दिवशी जळालेला. नवा आणून ठेवला होता, पण सुपेला बाजारातल्या गॅरेजच्या मिस्त्रीनं हात जोडले. "आज औजार नहीं छुएंगे साहब. कल सुबह सबसे पहले आपका."

घरातले पाने-पेचकसही देवापुढे मांडलेले. माझी बायको कळवळून म्हणाली, "दादा, पूजेतलं हत्यार उचलता कावून? हळद-कुंकू वाहिलं आहे त्याले."

दादानं फुलं बाजूला सारली. "माय मरून राहिली तिकडं. देव समजून घेईल."

स्टार्टर त्यानंच बसवला. मी चावी फिरवली — एका झटक्यात चालू! दादा शेजारी येऊन बसला... आणि बंद.

पुन्हा चावी. नुसतं टक्. हेडलाइट झगझगीत, म्हणजे बॅटरी ठीक. टर्मिनल घासले, अर्थिंग पाहिलं. स्टार्टर खाली काढून डायरेक्ट वायर लावली, तर मस्त गरगर फिरला. परत बसवला. चालू. दादा बसला, बंद. स्टार्टरचं पिनियन अडकलं म्हणाल, तर गिअरमध्ये टाकून मागेपुढे हलवली. वजन म्हणाल, तर दादाच्या दीडपट असलेल्या पिल्ले साहेबांना बसवलं — इंजिन सुरूच. दादाला मागच्या सीटवर बसवलं, पुन्हा मेली. शेजाऱ्यांनी धक्का मारून पाहिला, काही नाही. शेवटी मी त्या गाडीला लाथ घातली.

"अबे, तिले कावून मारून राहिला," दादा म्हणाला. तो गाडीतून खाली उतरला. "तू जा. कोणी तं असलं पाहिजे तिच्यापाशी."

"तुले बोलवून राहिली आई, मले नाही!"

"जा म्हणतो ना!"

गेलो. नागपूरपर्यंत गाडी एकदाही कुरकुरली नाही. हरामखोर!

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईला धाप लागलेली, पण शुद्ध होती. मी म्हटलं, "आई, दादा नाही येऊ शकला गं..."

ती माझ्यावरच चिडली. "काय बोलतं तू? मोठा तं सकाळपासून बसला आहे इथं, पायाशी. हात बघ त्याचे, कसे काळेकुट्ट झाले. धुवाले सांग त्याले, अन् जेवाले वाढ."

पायाशी कोणी नव्हतं. ताई तोंडात पदर कोंबून उभी. गाडीचं आईला कोणी सांगितलं नव्हतं, ताईला स्वतःलाच माहीत नव्हतं. थोड्या वेळानं आई गेली.

लाईन उघडून दादा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मोठा भाऊ असताना अग्नी मी दिला.

बायको अजूनही म्हणते, पूजेतलं हत्यार उचललं म्हणून. मग ज्यानं आईसाठी उचललं त्यालाच शिक्षा? असला देव मला नको. आणि आईला कोण दिसलं, ते तर कुठल्याच मीटरवर येत नाही.

तेरावं आटोपून आम्ही दोघं त्याच गाडीनं परत निघालो. दादा माझ्या शेजारी बसला, मी चावी फिरवली — चालू. रस्ताभर चालू. राजनांदगावच्या अलीकडे मी त्याला आईचं बोलणं सांगितलं. वाटलं, ऐकून बरं वाटेल.

त्यानं खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "तिले मी दिसलो असीन रे. मले कुठं दिसली ती?"