त्या कंडक्टरला सांग

अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, तेव्हाच मामंजींनी माझ्या हातात लोखंडाचा ठोकळा दिला. सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. ते मोटारीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बादली ठेव. हितं ये. ह्यो आतनं धर." मी मडगार्डच्या आतून ठोकळा टेकवला आणि त्यांनी बाहेरून हातोडा घातला. मनगटापासून दातापर्यंत झिणझिण्या गेल्या. ठोकळा सुटला आणि माझ्या पायाजवळ पडला. तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. "लोन्यात वाढलीस काय माहेरी? उचल."

सासऱ्यांशी माझी ओळख झाली ती अशी. ती पुढेही फारशी गोड झाली नाही.

जुन्नरहून नारायणगावला जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर होतं. पुढे पडवी, अंगण, आणि अंगणात ती मोटार. उघडी, लांबलचक, कापडी टपाची. एके काळी नारायणगावच्या एका मालकाच्या सर्व्हिस मोटारी या भागात चालायच्या. मामंजी त्यांतल्या एका गाडीचे ड्रायव्हर, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझे यजमान, त्याच गाडीवर क्लीनर. पत्रा ठोकणं, डाग देऊन सांधे जोडणं, रंगाआधी खळग्यांत लांबी भरून घासणं ही सगळी कामं बापानेच मुलाला शिकवलेली. मग सरकारी बस आली. मालकाची लाइन बंद पडली. जुन्या ड्रायव्हरांना सरकारात घेणार असं कळल्यावर मामंजी धुतलेलं धोतर नेसून मुलासकट गेले. तिथे एका तरुण साहेबाने दोन पिंपांच्या मधून गाडी मागे घेऊन दाखवा म्हटलं. घाटात मोटार चालवण्यात हयात गेलेली. मामंजी म्हणाले, "पिपं तुमी चालवा," आणि निघून आले.

माझे यजमान मात्र त्यांच्याबरोबर निघाले नाहीत. त्यांनी कंडक्टरची खाकी घेतली. त्या दिवसापासून बापाने मुलाशी बोलणं टाकलं. मालकाच्या गोठ्यात एक जुनी मोटार कोणी घेईना म्हणून पडली होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ती मामंजींनी मागून घेतली आणि बैल जुंपून ओढत घरी आणली. सरकारच्या नाकावर टिच्चून स्वतःची गाडी चालवायची, हा त्यांचा पण. इंजिन त्यांनी लवकरच बोलतं केलं. पण पत्र्याला गंजाने पोखरलं होतं. दरवाज्याच्या खालच्या कडा हाताने मोडत होत्या आणि मागच्या सीटखाली जमीन दिसत होती.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात ही दोन माणसं, एकमेकांशी अवाक्षर न बोलणारी, आणि मधे मी. दोघं एकाच पडवीत जेवायला बसत. मामंजी म्हणत, "त्या कंडक्टरला सांग, पाटाला पाय लावू नको." मी काही म्हणायच्या आत हे म्हणत, "त्यांना सांग, पाट माझ्या आईचाय." "त्याला सांग, आई कुनाची बायकू व्हती?" मी भाकरी वाढत राही. दोघांनाही सगळं ऐकू जात असे, तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते पोचलं असं कोणी मानत नसे.

मोटारीपाशी मामंजी दिवसभर असत. पोलादी पातं घेऊन गंज खरवडायचे, तेव्हा तांबडा भुगा त्यांच्या मिशीवर, पापण्यांवर बसे आणि खोकला लागे. खोकला थांबला की शिवी. शिवी मोटारीला नसे, मोटारीला त्यांनी कधी शिवी दिली नाही. ती रस्त्याने जाणाऱ्याला असे. कोणी कुंपणापाशी थबकला की, "काय बघतोस? तमाशा लागलाय का हितं?" कोणी सल्ला दिला की, "शानपना वहाणंसंगं भाईर काढून यायचा." शेजारी अमीनाबी राहत. त्यांचे यजमान पत्र्याच्या बादल्या आणि चाळण्या करीत. त्यांच्या दुकानातली पत्र्याची कात्री मामंजी हक्काने आणत, आणि धार गेली म्हणून त्यांच्याच अंगावर ओरडत. "भाई, धार तुमीच घालवलीत," असं ते एकदा म्हणाले, तर मामंजींनी कात्री कुंपणावरून त्यांच्या अंगणात फेकली. आठवडाभर अमीनाबींनी माझ्याशीही अबोला धरला.

एकदा मी विचारलं होतं, "मामंजी, आधी वरनं रंग देऊन गाडी चालू करा की. आतलं मग बघता येईल." त्यांनी हातोडा खाली ठेवला. "रंग काय, मढ्यालाबी लावत्यात," म्हणाले. "धर."

मी धरत असे. हातांना घट्टे पडले. पत्रा कुठे ताणलाय, कुठे आत बसलाय, हे ठोकळ्यातून माझ्याही तळव्याला कळायला लागलं. मी बरोबर जागी धरला की ते काही बोलत नसत. त्यांचं न बोलणं हीच शाबासकी, असं मी मनाची समजूत घालण्यासाठी ठरवलं होतं. पुढे जे घडलं त्यानंतर तीही समजूत राहिली नाही.

एके दिवशी मी ओढ्यावरून धुणं घेऊन आले. खाटेवर माझ्या साड्या रचून ठेवल्या होत्या. घडीसुद्धा मोडली नव्हती. साड्यांवर माझा कुंकवाचा करंडा, त्यावर फणी. सगळं नीट. पण ते ज्यात होतं ती माझी पेटी जागेवर नव्हती. लग्नात वडिलांनी दिलेली पत्र्याची पेटी. हिरवी, झाकणावर गुलाबाची फुलं, आणि पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात माझं माहेरचं नाव. मी अंगणात धावले. पेटीचं झाकण कडेला उताणं पडलं होतं. बाकीची कापून, सपाट करून मामंजी मोटारीच्या तळाला बसवीत होते.

"ती माझी पेटी होती," मी म्हटलं.

"जाड पत्रा हाय. असला आता मिळत न्हाई."

"विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर दिली असतीस?"

"नसती दिली."

"मग?" एवढं बोलून ते रिबीट ठोकायला लागले. नाव असलेली बाजू त्यांनी खाली केली होती. माझं नाव रस्त्याकडे तोंड करून बसलं.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं. हे बराच वेळ भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्यांना सांग, हे बरं केलं न्हाई."

"तुमीच सांगा की!" मी म्हटलं. यांनी मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली. त्या क्षणी मला दोघांचाही सारखाच राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी ठोकळा धरला नाही. मामंजी गुडघ्याने रेटून एकट्यानेच पत्रा ठोकत. त्यांच्या गुडघ्याची सालं गेली, पण त्यांनी मला हाक मारली नाही.

मोटार तयार झाली तेव्हा काळीभोर चमकत होती. त्याच सुमाराला माझ्या भावाचं लग्न निघालं. माझं माहेर आळ्याला, आळेफाट्यापासून थोडंसं पुढे. यांना नाशिककडच्या गाडीवर ड्यूटी होती. मामंजी म्हणाले, "मी सोडतो." माझी इच्छा नव्हती, पण वऱ्हाडाच्या आधी पोचायचं होतं. गाठोडं घेऊन मी मागच्या सीटवर बसले. गाडी मात्र खरोखर झोकात चालली होती.

आळेफाट्याला त्यांनी गाडी नेमकी बस थांबायची त्या जागी, हॉटेलापुढच्या झाडाखाली उभी केली आणि ओरडायला लागले, "आळे, बेल्हे! चला, बसा, लगीच सुटनार!" पाट्या घेतलेली दोन माणसं माझ्या शेजारी येऊन बसली. इतक्यात मागून सरकारी बस आली. जागा नाही म्हणून ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. बसचा दरवाजा उघडला आणि खांद्याला चामडी बॅग लावलेले माझे यजमान खाली उतरले.

हॉटेलात चहा घेणारा पोलीस उठून आला. "भाड्यानं माणसं नेताय? परमिट दाखवा."

"भाडं कुठलं? पावणं हायती," मामंजी म्हणाले. "मागं सून बसलीया माजी."

पाटीवाले दोघे हळूच उतरले आणि नाहीसे झाले. पोलीस यांच्याकडे वळला. "कंडक्टर, तुमी जुन्नरचे ना? या म्हाताऱ्याला ओळखता?"

हे मामंजींकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "नाही."

पोलीस हसला. "हे तर ओळखत न्हाईत. मग सून म्हनता ती कुनाची? पोरगा कुठाय तुमचा?"

"सून माजी हाय," मामंजी म्हणाले. "पोरगा मला न्हाई."

हॉटेलापाशी बसलेली एक बाई माझ्या कपाळाकडे बघायला लागली. कुंकू ठसठशीत होतं. तिची नजर माझ्या गळ्यातल्या मण्यांवर आली, पुन्हा कपाळावर गेली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी गाठोडं उचललं, दार उघडून खाली उतरले आणि आळ्याच्या रस्त्याने चालायला लागले. मागून हे "अगं—" असं म्हणाले. तेवढंच. मग बसची घंटी वाजली आणि बस नाशिकच्या रस्त्याला लागल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने मागे मोटारीची घरघर ऐकू आली. पोलिसाने मामंजींना दम देऊन सोडलं असावं. ते माझ्या चालीने गाडी चालवत होते. "बस," म्हणाले. मी मान वळवली नाही. "ऊन लागंल. बस." मी चालत राहिले. बैलगाड्या आम्हाला ओलांडून जात होत्या, गाडीवान वाकून बघत होते. इतकं सावकाश चालवून इंजिन तापलं आणि पुढून वाफ निघाली. मला वाटलं, सुटले. पण मागे चपलांचा आवाज सुरूच राहिला. पोरांनी मोटारीला हात लावला तर अंगावर धावून जाणारा तो माणूस, ती भर रस्त्यात उघडी टाकून माझ्यामागे चालत येत होता. जवळ आला नाही, लांबही राहिला नाही.

गावाची वेस दिसली तेव्हा मी थांबले. तेही थांबले. धाप लागली होती.

"चुकलो म्हननार न्हाई मी," ते म्हणाले. "जल्मात कुनाला म्हनलो न्हाई. पन लगीन झालं की म्हागारी ये."

"कुणाकडे येऊ? तुम्हाला पोरगा नाही, त्यांना बाप नाही. त्या घरात मी कोणाची कोण?"

त्यांनी मुंडाशाने तोंड पुसलं. "पानी पी आदी," एवढंच म्हणाले आणि वळून चालायला लागले. मला बघून वेशीपाशी आलेला माझा भाऊ त्यांना बोलवायला मागे धावला, पण ते आले नाहीत. लग्नालाही आले नाहीत.

लग्न झालं, मांडव निघाला, तरी मी परत गेले नाही. शेवटी हे न्यायला आले. खाकीतच आले होते. वडिलांसमोर मी सांगितलं, "येते. पण आजपासून कोणाचा निरोप कोणाला सांगणार नाही." हे "बरं" म्हणाले. घरी पोचल्यावर तेच मी मामंजींना ऐकवलं.

मला वाटलं होतं, आता नाइलाजाने तरी दोघं बोलतील. कसलं काय. घर मुकं झालं. मामंजी भिंतीकडे बघून म्हणत, "कालवनात मीठ न्हाई पडलं." हे दाराकडे बघून म्हणत, "उद्या यायला उशीर होईल." मी न भिंत होते न दार. मामंजींनी मोटार पुन्हा भाड्याला लावली नाही. दर पावसाळ्यात ती गंजे, पाऊस उघडला की ते खरवडायला बसत. माझी पेटी त्यांनी भरून दिली नाही, मीही त्यांना कधी माफ केलं असं म्हणणार नाही. आजही म्हणत नाही. माणूस हट्टी होता, तोंडाचा घाणेरडा होता, आणि दुसऱ्याच्या वस्तूला आपलं म्हणायची त्याला खोड होती. पण तो भर उन्हात माझ्यामागे चालत आला होता, हेही खरंच आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांचा दमा वाढला. मोटार दिसावी म्हणून त्यांची खाट मी पडवीच्या कडेला टाकली होती. एका संध्याकाळी हे ड्यूटीवरून लवकर आले आणि खांबाला टेकून बसले. मी काढा घेऊन गेले, तर मामंजी माझा हात धरून म्हणाले, "सांग त्याला..."

"तुमीच सांगा," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून आले. चुलीत लाकूड सारलं. बाहेरून मामंजींचा घरघरता श्वास ऐकू येत होता.

मग मामंजींचा खरखरीत आवाज आला. "ती गाडी भंगारात घालू नको."

"मग काय करू? पूजा करू तिची?" हे म्हणाले. "कुजलीय सगळी."

"तुज्या सरकारच्या गाड्या कुजत न्हाईत?"

"कुजत्यात. पन तिथं नीट काम करत्यात. मागच्या मडगार्डाला तुमी आतनं गंज अडवायचा शेंदूर लावलाच न्हाई. वरनं लांबी भरली, रंग मारला. गंज येनार न्हाई तर काय?"

"कोन म्हनतं न्हाई लावला?"

"मी बघत व्हतो."

"कुटनं?"

"खिडकीतनं. रोज बघत व्हतो."

मी हातातली फुंकणी खाली ठेवली.

"मग भाईर याया काय पाय मोडलं व्हतं तुजं, हरामखोरा?" मामंजी असे ओरडले की त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबायच्या आतच पुढचं निघालं, "एकटा मरंस्तवर ठोकत बसलो मी!"

"बोलावलं व्हतं का तुमी?"

"पोटच्या पोराला आवतान लागतं व्हय?"

आवाज चढत गेले. खाटेच्या दोऱ्या करकरल्या, भांडं पडलं. मागच्या दाराने अमीनाबी पदर सावरत धावत आल्या. "या अल्ला, काय झालं गं? मारामारी लागली का काय?"

"न्हाई," मी म्हटलं. "बोलत्यात दोघं."