शफीभाऊंच्या नावावरची त्रेचाळीस पुस्तकं

मूल गावच्या वाचनालयात शफीभाऊ एकतीस वर्षं ग्रंथपाल. पुस्तक कुठे आहे म्हणून विचारलं, तर मान वर न करता बोट दाखवायचे आणि ते बोट कधी चुकायचं नाही. अशा माणसाला निवृत्तीच्या सहा महिने आधी समितीनं सांगितलं, की सगळा कारभार संगणकावर घ्या, आणि सॉफ्टवेअर कोणतं ते तुम्हीच बैठकीत सुचवा. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. पण साठीला टेकलेल्या माणसाला ढकलताना जरा बघून तरी ढकलावं!

समितीतली रुपाली शाळेत संगणक शिकवायची. तिनं दोन सॉफ्टवेअरं आणून बसवली. एक एजंटाकडचं तयार, त्यात आपण काही हलवायचं नाही. दुसरं खुलं, लोकांनी मिळून बनवलेलं. कुणीही घ्यावं आणि आपल्या सोयीनं बदलावं.

"भाऊ, दोन्हीत नोंदी करून पाहा," ती म्हणाली. "जे तुमचं आयकते, ते आपलं."

शफीभाऊ एका बोटानं टाइप करत राहिले. आठ दिवसांत देवघेवीचं रजिस्टर आत गेलं आणि नवव्या दिवशी, नेमके अध्यक्ष मागे उभे असताना, पडद्यावर लाल ओळ उमटली. 'सदस्य: शफी. पुस्तके त्रेचाळीस. मुदत संपली.'

"ग्रंथपालच सगळ्यात मोठा थकबाकीदार?" अध्यक्ष हसले. मग हसू ओसरलं. "भाऊ, हे काऊन?"

कारण साधं होतं, पण एकतीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं. पिपरटोला वस्तीवरची प्रेमिलाबाई दर बाजाराला तळ्यातली मासळी विकायला मूलला यायची. मासळी खपली की वाचनालयात डोकवायची. टोल्यातल्या लोकांना वाचायला हवं असायचं, पण नियम असा, की सदस्य मूलचाच रहिवासी पाहिजे. मग शफीभाऊ कापडी थैली भरून पुस्तकं द्यायचे आणि स्वतःच्या नावावर लिहायचे. बाईही अशी, की टोपलीचा वास लागू नये म्हणून थैली सहा किलोमीटर दुसऱ्या हातात धरून न्यायची.

त्यांनी अध्यक्षांना सगळं सांगितलं. टोल्याची सोय होईल का म्हणून एजंटाला फोन लावला, तर तो म्हणाला, एका सदस्याला दोन पुस्तकं, तीही गावातल्यालाच; बाकी सिस्टीममध्ये बसत नाही.

"मग पुस्तकं हरवली म्हणून लिहा आणि थैली बंद करा," अध्यक्ष म्हणाले. "उद्या तुमी जाल. नवा मानूस कोनाच्या भरवशावर देईन?"

हे मात्र शफीभाऊंना लागलं. थकबाकीदार ठरण्याचं त्यांना तितकं वाटलं नाही. आपण गेलो की टोल्याची पुस्तकंही जातील, हे आपल्याला आधी सुचलं कसं नाही, याचीच त्यांना लाज वाटली. चांगुलपणा केला, पण तो स्वतःच्या नावाला बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते सायकलनं पिपरटोल्याला गेले. प्रेमिलाबाई पारावर जाळं दुरुस्त करत होती.

"बाई, पुस्तकं गोळा करून द्या. मले बैठकीत दाखवाची आहेत."

"सगळी आजच कशी देऊ, भाऊ? लोकं वाचून राह्यले ना." ती घरात गेली आणि मासळीच्या हिशेबाला घेतात तसली लांबट वही घेऊन आली. "पन कोनतं कुठी आहे, ते सांगतो."

सातवी शिकलेल्या बाईचं ठसठशीत अक्षर. पुस्तक, घर, तारीख. कोणतं कोणाकडून कोणाकडे गेलं, सगळं. एका ओळीत लिहिलं होतं, 'बुधूची दुर्गा, बाळंतीण, घाई करू नये.' शफीभाऊंनी पारावर बसून मोजली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. त्यांच्या स्वतःच्या रजिस्टरात तर गावातल्या सदस्यांकडे गेलेल्या चार पुस्तकांचा पत्ता नव्हता.

बैठकीत त्यांनी ती वही टेबलावर ठेवली. "मले खुलं सॉफ्टवेअर पाह्यजे," ते म्हणाले. "आपला नियम चुकला होता. तो बदलता येईन असंच घ्या."

अध्यक्षांनी वही शेवटपर्यंत चाळली आणि रुपालीकडे पाहिलं. नियम बदलायला सगळ्यांनी हात वर केले, आणि रुपालीनं तिथंच 'शाखा: पिपरटोला' अशी नवी शाखा उघडली. पुढे नाव घालायला जागा होती. तिनं लिहिलं, 'शाखा ग्रंथपाल: प्रेमिला.'

पुढच्या बाजाराला शफीभाऊंनी पडदा बाईकडे वळवला. ती आपल्या नावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी वही बंद नाई करत हो. लाइट गेली तं?"

"नका करू."

"आन तुमच्या नावावर किती आहेत आता?"

शफीभाऊंनी पाहिलं. त्रेचाळीसही शाखेच्या नावावर गेली होती; त्यांच्या नावापुढे शून्य होतं. एकतीस वर्षं त्यांच्या नावावर पुस्तकं होती आणि त्यातलं एकही त्यांनी स्वतःसाठी घरी नेलं नव्हतं.

प्रेमिलाबाईनं थैलीत हात घातला, टोल्यात वाचून झालेलं एक जाडजूड पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि वही उघडून लिहिलं, 'शफीभाऊ, मूल.'

"आमच्या शाखेचं आहे," ती म्हणाली. "पुढच्या बाजाराले वापस आनजा."